थंड चुलींचा वाटा

आकडेमोडीत अधीरदांचा हात धरणारा आमच्या कचेरीत कुणी नाही. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालायला मला मजा येते.

बेटावर घरं सातशे वीस, पाण्याच्या पाहणीचे फॉर्म छत्तीस; एका फॉर्मात एकाच घराला प्रश्न विचारायचे. म्हणजे वीस घरांमागे एक. कोळ्यांची चारशे साठ घरं, त्यांना तेवीस फॉर्म. शेतकऱ्यांची दोनशे एक्कावन्न, त्यांना साडेबाराच्या वर, म्हणून तेरा. जंगलातून मध आणणाऱ्या मौल्यांची नऊ. त्यांच्या वाट्याला अर्धासुद्धा येईना, म्हणून शून्य.

"दादा, गोड्या पाण्याची नळविहीर कुठे खणायची ते या फॉर्मांवरूनच ठरणार. आणि सगळ्यात खारट पाणी मौलेपाड्यात!"

"सुतपा, हिशेबाला दया नसते."

दया राहू दे, मला त्या नऊचंच नवल वाटत होतं. चैत्रात त्या पाड्यातून सहा होड्या भरून माणसं मधाला गेलेली मी पाहिली होती. नऊ घरांत एवढे पुरुष राहतात कुठे, माळ्यावर?

"आपल्या कचेरीतल्या खोकननं भरदुपारी दारोदार फिरून मोजलंय," अधीरदा म्हणाले. "एक चूल, एक घर. नऊ चुलींसाठी पुन्हा होडीचा प्रवास? नाकापेक्षा मोती जड! जा बाई, जा."

मीही दुपारीच पोचले. खरंच नऊ घरांतून धूर येत होता. एका दारात आंगूरदिदी बसली होती, केसांना तेल नाही, पुढ्यात रात्रीचा पाण्यातला भात.

"दिदी, चूल नाही पेटवलीस?"

तिनं कपाळावर हात मारला. "तू इथलीच ना गं? धनी जंगलात असताना दिवसा जाळ करतात का? जंगलाची देवी बनबीबी रागावली तर वाघ काय तुझ्या कचेरीत येणार आहे?"

"मग रात्री?"

"रात्री पेटवते की. माझी वेगळी चूल आहे. त्या खोकननं विचारलं, चूल जळते का? म्हटलं, नाही. खोटं कशाला बोलू?"

मला हसावं की रडावं कळेना. मी दारोदार फिरले. चुली चाळीस निघाल्या, त्यातल्या एकतीस थंड.

अधीरदांनी चष्मा पुसून पुन्हा मांडणी केली. एकूण सातशे एक्कावन्न. कोळ्यांना बावीस, शेतकऱ्यांना बारा, मौल्यांना दोन. "बेरीज छत्तीसच!" म्हणाले आणि अगदी मनापासून खूश झाले.

कोणत्या दोन घरांना विचारायचं ते ठरवायला पाड्यात चिठ्ठ्या काढल्या, तर आंगूरदिदीचं नाव आलंच नाही.

"चुली दाखवायला मी आणि विचारायला दुसऱ्या? वा गं वा!" ती खरंच दुखावली होती. मलाही वाईट वाटलं.

"दिदी, जिची चिठ्ठी निघाली ती एकटीची बोलत नाही. एकेकीला वीस-वीस घरांच्या वतीनं बोलायचंय."

"वीस?" तिनं बोटं मोजली. मग शेजारच्या निहारकडे वळली. निहारची चिठ्ठी निघाली होती, आणि ती पदर तोंडात धरून उभी होती.

"ए निहार, इकडे बघ. एरवी लाजतेस ते लाज. पण आज 'चालतंय, भागतंय' म्हणालीस, तर वीस घरं खारट पाणी पितील."