एक तार काढायची, एक चढवायची

“सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत गो. एक काढायची, एक चढवायची. मग दुसरी.”

लॅन्सी अंकलनी मेघनाला हे दोनदा सांगितलं होतं. एकदा गिटार तिच्या हातात देताना आणि एकदा टॅक्सी सुटता सुटता, खिडकीत वाकून. मांडीवर अडीच वर्षांची मनवा झोपलेली, मागचा गाडीवाला हॉर्न मारतोय. “हो अंकल, कळलं,” म्हणत मेघनाने काच वर केली होती.

त्याला चार महिने झाले. आज खंडेनवमी. लालबागच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून पूजेची मांडामांड चालली होती. पाटावर सासऱ्यांची मिलमधली जुनी कात्री होती, सासूबाईंची विळी होती, नवऱ्याचा, उन्मेषचा, लॅपटॉप होता. मेघनाने गिटार आणून टेकवली, तर शांताबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, नाक मुरडलं.

“ह्यां पुसून तरी घे गो. देवीसमोर असां धुळीन भरलेलां ठेवतंस?”

धूळ तारांखाली होती. फडकं तिथे शिरेना. मग मेघनाने काय करावं? सहाही तारा ढिल्या केल्या आणि काढून ठेवल्या. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, ती घोडी अलगद तिच्या हातात आली. नेहमीच्या गिटारची घोडी चिकटवलेली असते. ही नव्हती. ही तारांच्या दाबानेच उभी असायची. मेघनाने ती बाजूला ठेवली आणि ओल्या फडक्याने गिटार अशी लख्ख पुसली की सासूबाईंनाही ‘आता बरां दिसतां’ म्हणावं लागलं. लाकडावर पेन्सिलीचे दोन बारीक ठिपके होते. मळ समजून तिने तेही घासून काढले.

तारा पुन्हा चढवायला बसली, तेव्हा तिला उमगलं. ते ठिपके घोडीच्या पायांसाठी होते. ती नेमकी कुठे उभी राहायची, हे सांगणारी खूण आता फडक्यावर होती.

तिने अंदाजाने घोडी ठेवली. मोकळ्या तारा सुरात लागल्या, पण गिटारच्या दांडीवरून बोटं वर सरकली की सूर घसरायचा. घोडी केसभर पुढे सरकवली, मागे सरकवली. एका तारेचं जुळलं की दुसरीचं बिघडे.

गिटार अंकलची होती. ते सत्त्याहत्तर वर्षांचे, खोताच्या वाडीत एकटे राहणारे. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्याकडे तीन गिटार होत्या, तिन्ही कमानदार पोटाच्या, व्हायोलिनसारख्या दोन वळणदार फटींच्या. मेघना कॉलेजात असताना त्यांच्याकडे शिकायला जायची, तेव्हापासून या तिघींची नावं तिला पाठ होती. थोरली, मधली, धाकटी. धाकटी प्लायवूडची. ‘गरीब आहे, पण स्पीकरसमोर बसवली तरी शिट्टी मारत नाही,’ म्हणून ती त्यांना आवडायची. थोरली जाड लाकडातून कोरून काढलेली, मांडीवर घेतली की माणूस तिच्यामागे लपेल एवढी. “माइक नव्हते तेव्हा,” अंकल सांगायचे. “पुढे चार ट्रम्पेट, बाजूला ड्रम. साधी गिटार त्यांच्यात बुडून जायची. ही नाही बुडत. बोलते, आणि लगेच गप्प होते. म्हणून ऐकू येते.”

आणि मधली. मऊ, अंगाबरोबर बसणारी, बाळ शेजारी झोपलेलं असलं तरी वाजवता येईल अशी. मनवा झाल्यावर मेघनाने दोन वर्षं गिटारला हात लावला नव्हता. म्हणून अंकलनी मधली दिली होती. “घरी असली की वाजवशील. माझ्याकडे नुसती भिंतीला लटकते.”

तीच मधली आता बेसूर होऊन देवीसमोर झेंडूचा हार घालून बसली होती.

संध्याकाळी अंकलचा फोन आला. तसा तो तीनचार दिवसांनी यायचाच, आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘मधली काय म्हणते?’ मेघना फोनकडे बघत राहिली. वाजून वाजून तो थांबला.

“कोण होतं?” उन्मेषने विचारलं.

“कंपनीचा होता. उगाच.”

मेघना तशी फार सावध बाई. गॅस बंद आहे का ते तीनदा बघणारी, झोपलेल्या मनवाच्या नाकाखाली बोट धरणारी. उन्मेष तिला ‘आमची वॉचमन’ म्हणायचा. पण त्या फोनचं तिने एवढंच ठरवलं की आधी घोडी जागेवर बसवायची, मग बोलायचं.

दसऱ्याच्या सकाळी नऊ दहाला पुन्हा फोन आला. ती मनवाला भरवत होती. नऊ बाराला आला. तिने फोन उलटा करून ठेवला. साडेनऊला आला, तेव्हा तिला रागच आला. सणासुदीला माणसाने किती मागे लागावं! त्यानंतर मात्र आला नाही. तिला हायसं वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर उन्मेष म्हणाला, “अंकलना सोनं द्यायला कधी जायचं? दर वर्षी जातो आपण.”

“फोन करते,” ती म्हणाली. आता टाळता येणार नव्हतं.

फोन बंद होता.

अंकलचा फोन कधीच बंद नसायचा. साधा बटणांचा फोन, रोज झोपताना चार्जरला लावायचे, सकाळी काढायचे. मेघनाने पुन्हा लावला. मग स्क्रीनवर ते तीन आकडे बघितले. नऊ दहा. नऊ बारा. नऊ तीस. शुभेच्छा द्यायला कुणी दोन मिनिटांत दोनदा फोन करतं?

“मी जाऊन येते.”

“अगं, मी येतो ना. आईला पाचला डॉक्टरकडे सोडलं की लगेच—”

“पाचपर्यंत नाही थांबत मी.”

मनवा पायाला मिठी मारून बसली होती, तिला कडेवर घेतलं. दुसऱ्या हातात गिटारची पेटी. ती का घेतली, हे तिलाही सांगता आलं नसतं. कबूल करायचंच आहे तर वस्तू समोर असावी, एवढंच मनात आलं असेल. टॅक्सीच्या बॉनेटवर झेंडूचा हार होता. ड्रायव्हर आपला निवांत.

“भैया, जरा जल्दी.”

“मॅडम, आज देवी निकली है. जल्दी भूल जाओ.”

गिरगावात रस्ता तुंबलेलाच होता. ती आधीच उतरली आणि पेटी गुडघ्यावर आपटत, मनवाला सावरत वाडीत शिरली. अंकलचं घर तळमजल्यावर, हिरव्या कठड्याचं. दार लावलेलं. लॅच दार ओढलं की आपोआप बसणारा, त्यामुळे माणूस आत आहे की बाहेर, कळायला मार्ग नाही.

“अंकल!” तिने दार वाजवलं. “अंकल, मी मेघना!”

समोरच्या घरातून जयवंतकाका बाहेर आले. झाडांना पाणी घालायची झारी हातात. “नाय वाटतं आत. सकाळपासून दिसला नाय. गेला असंल वसईला, भाच्याकडे. सणाला जातो तो.”

“सांगून गेले?”

“मला कशाला सांगतोय? आमचं गेल्या महिन्यात वाजलंय, पार्किंगवरून.”

मेघनाने खिडकीच्या लाकडी पट्ट्यांतून बघितलं. आत काळोख. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून देवीची मिरवणूक आली. बँजो, ताशे, ढोल. भिंतीसुद्धा हलतायत असं वाटायला लागलं. मनवा घाबरून रडायला लागली. “येईल तो उद्यापर्यंत!” जयवंतकाका ओरडून म्हणाले. “पोरीला घेऊन जा तू घरी!”

ती वळली. दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

ठण्.

ती थांबली. ढोलाच्या गदारोळातून काहीतरी टोकदार आलं आणि लगेच विझलं. मनवाचं तोंड तिने खांद्यात दाबून धरलं. पुन्हा, ठण्. लांबलं नाही, रेंगाळलं नाही. बोललं आणि गप्प झालं.

“काका, आत आहेत ते! थोरली वाजवतायत!”

“मला तर काय ऐकू येत नाय.”

“मला येतंय ना! दार उघडा!”

 जयवंतकाकांनी झारी टाकली, घरातून पाना आणला आणि खिडकीच्या दोन पट्ट्या उचकटल्या. आत हात घालून लॅच फिरवला.

अंकल खुर्चीशेजारी जमिनीवर पडले होते. पाय विचित्र वळलेला, ओठ पांढरे. थोरली खुर्चीला टेकून उभी होती आणि त्यांचा हात जेमतेम तिच्या सर्वात खालच्या तारेपर्यंत पोचत होता. अंगठ्याला रक्त होतं. चष्मा कुठेतरी पलंगाखाली. फोन उजव्या हाताशी, मेलेला.

“पाणी,” ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. जयवंतकाकांनी पाण्याने ओठ भिजवले, अँब्युलन्सला फोन लावला आणि आपण रडतोय हे कुणाला दिसू नये म्हणून दारात जाऊन उभे राहिले.

मेघना गुडघ्यावर बसली. “मलाच का लावत होतात फोन? भाच्याला का नाही, काकांना का नाही?”

“रात्रीच पडलो, फोन चार्जरला लावायच्या आधी. फोनपर्यंत सरकायला सकाळ झाली. चष्मा नाही, काय दिसणार? हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचाच नंबर लागतो. तुझा होता.” श्वास घेत त्यांनी तिच्यामागची पेटी बघितली. “सगळ्या तारा एकदम काढल्यास ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“नाहीतर फोन उचलला असतास, पोरी.”

 मनवाने अंकलचा रक्ताळलेला अंगठा धरला आणि फुंकर घातली. मेघना तिला घालते तशी.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र तसेच पडून राहिले असते तर कठीण होतं. हे मेघनाने अंकलना सांगितलं नाही. उन्मेषला सांगितलं, तर त्याने तिचा फोन उचलून रिंगचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला.

महिन्याने अंकल घरी आले, तेव्हा मधली त्यांच्या पलंगावर ठेवून ती समोर बसली. “मोकळी तार वाजव,” ते डोळे मिटून म्हणाले. “आता निम्म्यावर बोट ठेवून वाजव. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. चढा येतोय. घोडी मागे घे. अगं, मागे! एवढी नको.” पाऊण तास लागला. मग त्यांनी पेन्सिल तिच्याच हातात दिली. ठिपके तिने काढले. एक जरा वाकडा आहे.

आता ती दर रविवारी आणि बुधवारी जाते. सकाळी जयवंतकाका चहा घेऊन जातात, पार्किंगचं भांडण चालू ठेवून. बाकीच्या दुपारी वाडीतलं कुणी ना कुणी डोकावतं. गुरुवारी दुपारी मात्र कुणीच नसतं. मेघना तेव्हा ऑफिसात फोन कानाला धरून बसते, आणि पलीकडे चार रिंग होईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. खोताच्या वाडीत तुम्ही फोटो काढायला जाताच कधीतरी. तो वार गुरुवार असला, तर हिरव्या कठड्याच्या घराचा फोटो काढून झाल्यावर दार वाजवा. ‘तिघींतली तुमची आवडती कुठली?’ असं विचारा. तासभर सोडणार नाहीत ते तुम्हाला, पण बसा. आणि दार उघडायला वेळ लागला, तर ‘नसतील घरी’ म्हणून परत फिरू नका. पायाला वेळ लागतो त्यांच्या. थांबा, आणि कान देऊन ऐका.