चासाचा डोळा

देवचंद नानांनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पांढऱ्या रंगाचा ठिपका होता तिथेच होता.

धुळ्याच्या एका कॉलेजात रानपाखरांच्या फोटोंची स्पर्धा होती, सन सत्त्याऐंशीची. एरंडोलला चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेले नाना परीक्षक म्हणून आले होते. त्यांच्या पत्नी भागाबाईही सोबत एस.टी.त बसून आल्या होत्या, पुढच्या खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसल्या होत्या. दुसरे परीक्षक प्राणिशास्त्राचे रुपचंद सर. त्यांच्या मते पहिला नंबर ठरलेला होता : फैजपूरच्या कौतिक मास्तरांचा उडता चास, निळ्या पंखांचा नीलकंठ. पीस न् पीस मोजून घ्यावं.

"नाना, दसऱ्याला हा दिसावा म्हणून लोक रान तुडवतात. इथे आपणहून आलाय. करा सही."

"सर, ऊन उजवीकडून पडलंय. डोळ्यातला हा चमकेचा ठिपका डावीकडे कसा?"

सर हसले. "उडत्या पाखराला काय तुमच्या गिऱ्हाइकासारखं हनुवटी वर करून बसवता येतं?"

"येतं," नाना म्हणाले. "मेलेलं असलं तर. पाय बघा, कसे लोंबतायत. पंख दोऱ्याने ताणलेत. आणि डोळा मिटलेला होता. वरून ब्रशने काढलाय."

सरांचं हसू गेलं. "नुसत्या अंदाजावर मास्तरांचा नंबर कापता येणार नाही. तुम्हाला कसं कळलं, ते लोकांसमोर सांगावं लागेल."

नानांनी भागाबाईंकडे पाहिलं.

अठ्ठावन्न साली त्यांची चार वर्षांची द्रौपदा तापाने गेली. फोटोवाल्याच्या घरात लेकीचा एकही फोटो नव्हता. भागाबाई बेशुद्ध पडलेल्या. नानांनी लेकीला उशीला टेकवून बसवलं, फोटो काढला, आणि मग तीन दिवस खपून फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांवर डोळे रंगवले. ताप यायच्या आदल्या दिवशीचा फोटो आहे, असं बायकोला सांगितलं. तेव्हापासून भागाबाई रोज त्या फोटोपुढे दिवा लावत होत्या. नाना मात्र फोटोच्या भिंतीकडे पाठ करूनच जेवायचे. तरी मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटायचं. आता चासही तसाच बघत होता.

नाना उभे राहिले.

"मला कळलं, कारण मीही असे डोळे काढलेत," ते मोठ्याने म्हणाले. "माझ्या लेकीचे. ती गेल्यावर."

कौतिक मास्तर मान खाली घालून पुढे आले. "विजेच्या तारेला चिकटून पडला होता, नाना. अंग गरम होतं अजून. वाटलं, एकदा उडू द्यावा." त्यांनी स्वतःच फोटो उतरवला.

परतीच्या एस.टी.त भागाबाई पिशवी मांडीत घेऊन खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, नेहमीसारखा दिवा लावला, ताट वाढलं.

"तिना डावा डोया तिरपा व्हता," वाढता वाढता त्या म्हणाल्या. "फोटोमा सिधा शे. मले पहिलाच दिन समजनं."

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. "मंग इतला वरीस दिवा कोणले लावस?"

"जी देखी ऱ्हायनी, तिले." त्यांनी फोटोतल्या डोळ्यांकडे हात केला.

आणि भागाबाईंनी त्यांचं ताट उचलून फिरवलं, फोटोच्या भिंतीकडे नानांचं तोंड होईल असं ठेवलं.