ज्या दरवाजावर नोटीस डकवली

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. मढच्या कोळीवाड्यात, बंदरावरून वर येणाऱ्या गल्लीत, ओळीतलं जे घर सगळ्यात बुटकं दिसतं, त्या घराला मी लावलेला आहे. माझ्या मागे दोन बायका राहतात. त्यांची हकिकत सांगितल्याशिवाय माझी सांगता येणार नाही. कारण दरवाजाचं आयुष्य म्हणजे तरी काय? कोण आलं आणि कोण गेलं.

मला मार्तंड सुतारानं घडवलं. तो खरा होड्या बांधणारा. घराची कामं तो सहसा घेत नसे, पण राजाराम कोळी त्याचा दोस्त. राजारामानं लग्न करून नवं घर उभं केलं, तेव्हा मार्तंडानं होडीच्या फळ्या जोडतात तशा माझ्या फळ्या जोडल्या आणि म्हणाला, "उद्या घर बुडलं तरी दरवाजा तरंगेल रे." राजाराम हसला. त्याची बायको सखुबाई मात्र हसली नाही. दारात असलं अभद्र बोलू नये, म्हणून ती मार्तंडावर रागावली आणि मग तिनंच त्याला पोटभर जेवायला वाढलं.

ते दिवस माझ्या थाटाचे होते. नारळी पुनवेआधी होडी रंगवली की उरलेला निळा रंग माझ्या वाट्याला यायचा. होडीचं तेल उरलं की सखुबाई फडक्यानं ते माझ्या बिजागऱ्यांना चोपडायची. एकदा तर गल्लीत शूटिंगवाले आले. शेजारच्या बंगल्यात त्यांचं काम चाललं होतं. त्यांच्यातल्या एकानं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "क्या दरवाजा है यार!" मग एक नटी मला टेकून उभी राहिली आणि रडली. डोळे पुसून पुन्हा रडली. दुपारपर्यंत तिला तेवढंच काम होतं. सगळी गल्ली बघायला लोटली होती. मी खूश होतो. खरं सांगायचं तर मला टेकून तेवढं कुणी पुढं कधी रडलं नाही. जिनं रडायला हवं होतं तीही नाही.

राजाराम आजारपणात गेला. चौघांच्या खांद्यावरून, माझ्या चौकटीतून, सगळ्यांच्या देखत गेला. सखुबाईनं हंबरडा फोडला, बांगड्या फोडल्या, दिवस घातले. हळूहळू ती पुन्हा ओट्यावर बसून बोंबील वाळत घालू लागली. गेलेला माणूस कुठं गेला हे तिला ठाऊक होतं.

मग होडी विकली गेली. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रज्योत समुद्रावर गेलाच नाही. तो शूटिंगच्या बंगल्यांवर दिवे उचलायच्या कामाला लागला. कमी बोलायचा, पण वाईट नव्हता. त्याचं लग्न वेसाव्याच्या कल्पिताशी झालं. वऱ्हाड खाडी ओलांडून तरीतून आलं. कल्पितानं माप ओलांडलं तेव्हा तिचा शालू माझ्या खिळ्याला अडकला आणि फाटला. सगळ्या बायका हळहळल्या. ती म्हणाली, "राहू दे, आतल्या बाजूला जाईल." अशी ती पहिल्यापासून. जे फाटलं ते आतल्या बाजूला घेणारी.

तिला मूलबाळ झालं नाही. नवरा-बायकोत भांडण मी कधी ऐकलं नाही. पण बोलणंही फारसं ऐकलं नाही. मग एका दुपारी, शिमगा नुकताच झाला होता, प्रज्योतनं आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मला बाहेरून लावून घेतलं आणि तो गल्लीनं खाली उतरला. मला आपटलं नाही. हळूच ओढलं, आत कुणी झोपलं असेल तर जाग येऊ नये असं. सखुबाई ओट्यावर होती. तिला वाटलं, नाक्यावर चाललाय. त्याचा फोन आत चार्जिंगला लावलेला होता.

तो परत आला नाही.

पोलिसांत तक्रार झाली. बंगल्यावरच्या लोकांना विचारून झालं. कुणी म्हणालं, गुजरातेत वेरावळला एका बोटीवर दिसला. कल्पिता आपल्या भावाला घेऊन तिकडं जाऊन आली. तो दुसराच कुणी होता. कुणी म्हणालं, गोव्याला हॉटेलात आहे. तिथंही फोन झाले. अंगारे-धुपारे झाले. सखुबाईनं ते सगळं केलं, कल्पितानं तिच्याबरोबर सगळीकडं मुकाट हात जोडले. मग विचारणं थांबलं. कल्पिता टोपली घेऊन मालाडच्या बाजारात बसू लागली. पहाटेच्या बसनं जायची, दुपारी परत यायची. मला कुणी रंग दिला नाही. खाऱ्या वाऱ्यानं माझा निळा पोपडा सुटू लागला, खालची फळी फुगली आणि मी उंबऱ्याला घासू लागलो. उघडताना कर्र आवाज यायचा. त्या आवाजाला सखुबाई आतून दचकून मान वर करायची. कल्पिता करायची नाही.

अशी सात वर्षं उलटली, आठवं लागलं.

मग शेजारची रेवती आपल्या मुलीच्या हळदीचं बोलावणं करायला आली. हातात कुंकवाचा करंडा. सखुबाईला तिनं नुसतं तोंडानं सांगितलं, कारण ती विधवा. मग कल्पितापुढं आली, बोट कुंकवात बुडवलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

"लावू ना गं?" रेवतीनं विचारलं. ती वाईट बाई नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं.

कल्पिता म्हणाली, "मला पण नाय माहीत."

रेवतीनं घाईघाईनं कुंकू लावलं आणि निघून गेली. कल्पितानं ते पुसलं नाही. आत जाऊन तिनं तांदूळ निवडले. संध्याकाळी सासू-सुना ओट्यावर बसल्या असताना ती एवढंच म्हणाली, "आये, मला याच्यातनं सुटायचंय. दुसरं लगीन नाय करायचंय. नुसतं सुटायचंय."

सखुबाईनं वाळलेले बोंबील टोपलीत भरले.

बाजारातल्या ओळखीनं कल्पितानं एक वकीलबाई गाठल्या; अनुपमा त्यांचं नाव, त्या मालाडलाच बसायच्या. त्या एकदा घर बघायला आल्या. प्रज्योत शेवटचा राहिला तो पत्ता हाच, म्हणून. माझ्यासमोरच्या ओट्यावर बसून त्यांनी दोघींना सोप्या शब्दांत समजावलं. नवरा सापडत नसला तरी घटस्फोट मिळतो, पण कोर्टाला दाखवावं लागतं की आपण त्याला मनापासून शोधलं आणि कळवायचा प्रयत्न केला. आणि अर्जात कारण लिहावं लागतं. ज्यांना त्याची खबर लागायला हवी, त्यांना सात वर्षं ती लागली नसेल, तर कायदा त्याला मेलेला धरतो. ते एक कारण. किंवा लिहायचं की तो बायकोला सोडून गेला.

"यातलं काय लिहायचं, ते तुम्ही ठरवा," वकीलबाई म्हणाल्या.

कल्पिता म्हणाली, "मला कायपण चालेल."

मित्रांनो, ती खरंच बोलत होती. तिला काहीही चाललं असतं. आजवर मला वाटायचं, या घरात लाकडाचा मी एकटाच आहे.

सखुबाई मात्र उठून उभी राहिली. "मेला म्हणून लिवू नका," ती म्हणाली. "माझ्या पोराला कागदावर मारू नका. सोडून गेला म्हणून लिवा."

"पण आजी, मग दोष त्याच्यावर येतो. आणि तुम्हाला साक्षीला यावं लागेल. मुलगा हिला टाकून गेला, हे तुमच्या तोंडून सांगावं लागेल. चालेल?"

"दोष येऊ दे," सखुबाई म्हणाली. "दोष जित्याजागत्या माणसावरच येतो ना? मग येऊ दे."

अर्ज वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात लागला. काही आठवड्यांनी कोर्टाचा बेलिफ आला. दशरथ त्याचं नाव. घामाघूम झाला होता. त्यानं माझी कडी वाजवली आणि विचारलं, "प्रज्योत राजाराम कोळी इथंच राहतात का?"

सखुबाई धावत आली. किती वर्षांनी कुणीतरी त्या नावानं दारात हाक मारली होती. "काय झालं? गावला काय?" तिनं विचारलं.

दशरथ गोंधळला. मग त्यानं सांगितलं की तो समन्स बजावायला आला आहे, खबर घेऊन आलेला नाही. सखुबाईनं त्याला पाणी दिलं. त्यानं कागदावर लिहून घेतलं की इसम इथं राहत नाही, ठावठिकाणा माहीत नाही, आणि तो गेला.

दुसऱ्या वेळी तो डिंकाची बाटली घेऊन आला. कोर्टानं सांगितलं होतं, नोटीस शेवटच्या पत्त्यावर दरवाजाला डकवा आणि वर्तमानपत्रातही छापा. त्यानं हातानं माझा पोपडा झाडला, डिंक लावला आणि तो कागद माझ्या छातीवर दाबून बसवला.

"वाचून दाखव," सखुबाई म्हणाली.

दशरथनं वाचलं. तुमच्या पत्नीनं घटस्फोटासाठी अर्ज केला आहे, नेमल्या तारखेला हजर राहा, न राहिल्यास तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल.

"एवढी वर्सं मी हाका मारल्या त्या नाय ऐकल्या त्यानं," सखुबाई म्हणाली. "तुझी ऐकंल?"

"आमचं काम डकवायचं असतं, आजी," दशरथ म्हणाला. तो चप्पल घालून निघाला, पण जाता जाता वळून त्यानं कागदाचा सुटलेला कोपरा पुन्हा एकदा दाबला.

खाऱ्या हवेत डिंक टिकत नाही. चारपाच दिवसांत एक बाजू सुटली आणि कागद वाऱ्यावर फडफडायला लागला. पोरं येता-जाता त्याला टिचक्या मारत. एका दुपारी गल्लीत कुणी नसताना सखुबाई बाहेर आली. तिच्या मुठीत भाताची चार शितं होती. ती तिनं बोटानं चुरली, कागदामागं लावली आणि तळहातानं हळूहळू कागद सपाट केला. अगदी तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तसा. पुढं जेव्हा जेव्हा तो सुटला तेव्हा तिनं तेच केलं. सुनेचा अर्ज पुरा व्हावा म्हणून, की तो आलाच तर त्याला दिसावा म्हणून, हे मला सांगता येत नाही. एकदा कल्पितानं बाजारातून लवकर येऊन हे पाहिलं. ती गल्लीच्या तोंडाशी थांबली, सासू आत जाईपर्यंत थांबली, आणि मग आली.

साक्षीच्या दिवशी दोघी एकाच रिक्षानं निघाल्या. कोर्टात मी नव्हतो. जे ऐकलं ते कल्पितानं संध्याकाळी ओट्यावर रेवतीला सांगितलं तेवढंच. शिपायानं बाहेरच्या पडवीत प्रज्योतचं नाव तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा सखुबाईनं वळून दाराकडं पाहिलं. मग तिला पुढं बोलावलं. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, मुलगा कुठं आहे ते ठाऊक आहे का.

"मग काय बोलली गं म्हातारी?" रेवतीनं विचारलं.

"म्हणाली, ठाऊक असतं तर मी हितं आले असते काय? तिथं गेले असते."

"आणि?"

"म्हणाली, हिची काय चूक नाय. हिला सोडून गेला." कल्पितानं पाय जवळ घेतले. "मग म्हणाली, मला पण सोडून गेला. ते मात्र त्यांनी लिहून घेतलं नाय. त्याचा खटला नव्हता ना."

रेवतीनं डोळ्याला पदर लावला. कल्पिता पायाला चिकटलेले खवले नखानं काढत बसली होती.

निकाल लागला त्या दिवशी कल्पिता एकटीच गेली होती. दुपार कलल्यावर ती गल्ली चढून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी नुसता लोटलेला होतो, आतून कडी नव्हती. रोज ती खांद्यानं मला ढकलून आत शिरायची. त्या दिवशी तिनं कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

कल्पितानं पुन्हा कडी वाजवली.

"कोण हाय गं?"

"कल्पिता."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सखुबाई म्हणाली, "झाला काय निकाल?"

"झाला."

"मग आता ढकलायची ताकद गेली काय तुझी? ये आत. भात निवतोय."

ती आत आली. जेवली. दुसऱ्या दिवशी बाजाराला गेली. तिचा भाऊ तिला वेसाव्याला न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "बघू." ती अजून 'बघू' वरच आहे. आता त्या दोघींचं नातं काय, ते कायद्यात नाही. रेशनकार्डात कुठं बसवायचं ते त्यांनी अजून कुणाला विचारलेलं नाही.

नोटीस काढायला हरकत नाही, असं वकीलबाईंनी कळवलं. सखुबाई ती काढेना. शेवटी कल्पितानं मासळीची सुरी घेतली आणि खरवडली. भाताची खळ फार घट्ट बसली होती. कागदाबरोबर माझा उरलासुरला निळा रंगही निघाला, आणि त्याखाली मार्तंडानं रंधा मारलेलं लाकूड उघडं पडलं. कल्पितानं त्यावर एकदा अंगठा फिरवला. मग हात धुतले आणि ती सुरमई कापायला बसली.

मित्रांनो, समुद्राकाठच्या दरवाजाला वर्षातून एकदा तेल लावावं, रंग द्यावा, एवढी माझी विनंती आहे. पण ती राहिली तरी चालेल. लाकूड टिकतं. दुसरी विनंती मोठी आहे. ज्याला जायचं आहे त्यानं जावं. दरवाजा कुणाला अडवत नाही, अडवूही नये. फक्त जाताना मागं वळून, आतल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं, मी परत येणार नाही. चार शब्द आहेत. आतल्या दोघींना ते ऐकून जे व्हायचं ते झालं असतं, पण एकदाच झालं असतं.