फुकटचं विमान

माझा नवरा छपाईची अवजड यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे निम्मा महिना तो विमानातच असतो. "विमानाचे पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड घेऊ का?" असं त्याने विचारलं, तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून माहितीपत्रक शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचून काढलं.

"वर्षाची फी घेतात मेले," त्या म्हणाल्या. "पण तू एवढा उंडारतोस, म्हणजे वसूल होईल. घेऊन टाक."

कार्ड आलं, पॉइंट साठले आणि वर्षभरात दोन फुकट तिकिटं पदरात पडली.

"कुठे जायचं?" मी जेवताना हरखून विचारलं.

"मी कुठेही येणार नाही," नवरा म्हणाला. "विमान म्हटलं की आता नको नको होतं. सुट्टीत मला फक्त माझी गादी हवी."

म्हणजे फुकट विमान मिळवायला आधी इतकं विमानात बसायचं, की फुकट दिलं तरी माणूस हात जोडेल! बँकेचं डोकं भलतंच तेज. पण मिळालेलं वाया घालवायची आमच्या घरात पद्धत नाही. मी आणि सासूबाईच निघालो.

विमानतळावर टेकतो न टेकतो तोच नवऱ्याचा फोन. "अगं, चहाची पावडर कुठे ठेवलीयस?"

सासूबाईंनी माझ्या हातून फोन ओढून घेतला. "ओट्याच्या वर, डावीकडचं कपाट. आणि ऐक, ही तिकिटं फक्त जायची आहेत. यायला पॉइंट कमी पडतायत. चहा झाला की बॅग भर आणि कामाला लाग, म्हणजे आम्ही घरी येऊ."