मोठ्या बटणाचा कोट

त्या दुपारी शिवणवाल्या मावशींच्या मशीनवर एकोणिसावं जाकीट होतं. नारिंगी कापड, पाठीवर चमकणारी पांढरी पट्टी, आत अस्तर नाही. अशी तीस जाकिटं शनिवारपर्यंत हवी होती, कारण त्या दिवशी गल्लीच्या गस्त मंडळाची पाहणी करायला खुद्द फौजदारसाहेब येणार होते. मावशी खुशीत होत्या. नवरा गेल्यावर बारा वर्षं त्यांनी याच गल्लीतल्या लोकांच्या कंबरा सैल करून दिल्या, पण बैठकीला त्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं. या खेपेला मंडळ चालवणाऱ्या हेडमास्तरांनी बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

मंडळ काही उगाच निघालं नव्हतं. मागच्या रस्त्यावर बार वाढले, नाचघरं वाढली. औषधवाल्याच्या दुकानाची काच फुटली, एका म्हाताऱ्याला ढकलून त्याची पिशवी पळवली गेली, सकाळी जिना उतरावा तर कुणीतरी ओकून ठेवलेलं असायचं. लोक कावले होते. तेव्हा फौजदारांनीच सुचवलं की डोळे उघडे ठेवा, काही दिसलं तर शिट्टी वाजवा आणि चौकीला फोन करा. अंगाला हात मात्र लावू नका. दोन महिने तसं झालंही. पण चौकीतून माणूस यायला तास तास लागे, म्हणून हळूहळू फोन मागे पडला आणि शिट्टीच राहिली.

मग कोपऱ्यावर फलक आला. ‘यांच्यापासून सावध राहा.’ आधी त्यावर पाकीटमारांचे फोटो लागले, नंतर दारुड्यांचे, आणि एक दिवस उशिरा घरी परतणाऱ्या बायकांचे. चोरांवरून बायकांवर ही उडी कुणी मारली असं विचारलंत, तर त्या गल्लीतला एकही सज्जन आज तुम्हाला सांगणार नाही.

धागा संपला म्हणून मावशी बाहेर पडल्या आणि फलकापाशी सहज थबकल्या. नवा फोटो होता. पिवळ्या कोटातली एक बाई, पाठमोरी. खाली लिहिलं होतं, ‘रात्री दीड. मागच्या बोळातून. रोज.’ कोटाच्या पाठीवर पट्टा होता, पट्ट्याला दोन बटणं होती, आणि त्यातलं उजवं डाव्यापेक्षा जरा मोठं होतं. मावशी फलकाच्या आणखी जवळ गेल्या. जोडीचं बटण सापडेना म्हणून ते मोठं बटण त्यांनीच लावलं होतं.

“बघितलंत?” औषधवाला दुकानातूनच म्हणाला. “शनिवारी हिला धरणार. एकदा चांगली अद्दल घडवली की बाकीच्या आपोआप रस्ता बदलतील, असं हेडमास्तर म्हणालेत.”

“पण चेहरा कुठे दिसतोय?”

“चेहरा काय करायचाय, मावशी? कोट दिसतोय की!”

मावशींची मुलगी दवाखान्यात रात्रपाळीला जाते, अशी गल्लीची समजूत होती. ती मावशींनीच पसरवली होती. खरं म्हणजे ती नाचघराच्या दाराशी बसून गिऱ्हाइकांचे कोट सांभाळायची. बिल्ला द्यायचा, कोट टांगायचा, बिल्ला घ्यायचा, कोट परत द्यायचा. यात लपवण्यासारखं काय होतं, ते तिला कधीच कळलं नाही.

“तो पिवळा कोट आता घालू नकोस,” त्या संध्याकाळी मावशी तिला म्हणाल्या. “नजरेत भरतो. देऊन टाक कुणाला तरी. आणि येताना पुढच्या रस्त्याने येत जा.”

“कुणी काही बोललं का?”

“कोण बोलणार? मी सांगतेय म्हणून.”

“आई, मी लोकांचे कोट सांभाळते गं, पळवत नाही. आणि तू आता पहिल्या रांगेत बसतेस ना? मग सांग की त्यांना एकदा.”

“सांगेन. आधी ही जाकिटं होऊ देत.”

फलकाचं मात्र त्या बोलल्या नाहीत. मुलगी त्या कोपऱ्यावरून जात नसे, तिने तो पाहिलाच नव्हता. मावशींना वाटलं, पोरीचा जीव वाचला आणि आपली अब्रूही झाकली गेली.

शुक्रवारी मुलगी जेवताना म्हणाली, “कोट दिला हं. आमच्याकडे ग्लास धुते ना, तिला. ओल्या हातांनी कुडकुडत घरी जायची बिचारी. तिने तिथेच घातला आणि मला मिठीच मारली.”

मावशींचा घास हातातच राहिला. “जाते कुठून ती?”

“मागच्या बोळातून. तिला दुसरी वाट आहे कुठे?”

मुलीला तेव्हाच सगळं सांगता आलं असतं. हेडमास्तरांचं घर अवघ्या बारा पावलांवर होतं. फलकावरच्या चार टाचण्या काढायला कितीसा वेळ लागतो? मावशींनी हात धुतला, उरलेल्या जाकिटांना इस्त्री केली आणि स्वतःला समजावलं, की ती बाई आपल्या गल्लीतली नाही, आणि ही माणसं शिकलेली आहेत, दोन शब्द सुनावतील आणि सोडून देतील. शनिवारी दुपारी तीसच्या तीस जाकिटं पोचती झाली. सगळ्यांना ती अगदी मापात बसली.

रविवारी सकाळी मंडळातल्या सगळ्यांना चौकीतून बोलावणं आलं, मावशींनाही. टेबलावर पिवळा कोट पडला होता, एक बाही खांद्यापासून उसवलेली. भिंतीशी एक म्हातारी बसली होती. रडत नव्हती, नुसती कोटाकडे बघत होती. ती ग्लास धुणाऱ्या बाईची सासू.

“आम्ही बोटसुद्धा लावलं नाही,” हेडमास्तर सांगत होते. अंगात अजून नारिंगी जाकीट होतं. “शिट्टी वाजवली, तर ही पळत सुटली. बोळाच्या पायऱ्यांवरून पडली आणि गेली, त्याला आम्ही काय करणार? मनात काही नसतं तर पळाली कशाला असती?”

“तीस माणसं अंगावर आली तर तुम्ही काय केलं असतं, मास्तर?” म्हातारी हळूच म्हणाली.

फौजदारांनी मास्तरांच्या जबाबाचा कागद पुढे ओढला. “तुमच्यापैकी बाईला किंवा या कोटाला आधीपासून ओळखणारं कुणी आहे? नसेल तर सगळ्यांनी सह्या करा.”

एकेक सही होत कागद मावशींपर्यंत आला. त्यांनी पेन घेतलं नाही.

“हा कोट मी शिवलाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलीसाठी. ती दवाखान्यात जात नाही. नाचघरात काम करते. फलकावरचा फोटो तिचा आहे.”

हेडमास्तर चटकन पुढे झाले. आवाज खाली आणून समजुतीने म्हणाले, “मावशी, शिवणारीला कितीतरी गिऱ्हाइकं. आठवत नाही म्हणा. घरात तरुण मुलगी आहे तुमच्या.”

“त्या घरातही होती.” मावशींनी म्हातारीकडे पाहिलं. “साहेब, लिहा.”

फौजदारांनी नाइलाजाने नवा कागद घेतला आणि पेन उचललं. “कोट तुमच्या मुलीचा. मग त्या बाईच्या अंगावर कसा आला?”

“मीच तो मुलीला देऊन टाकायला लावला. शनिवारी पिवळ्या कोटाला धरणार, हे मला आधीच ठाऊक होतं. कोट कुणाकडे गेला, तेही शुक्रवारी कळलं होतं. तरी मी गप्प बसले आणि यांच्या जाकिटांना इस्त्री केली.” मावशींनी डोळे पुसले. “तेही लिहा. आणि खाली पहिली सही माझी घ्या.”