डाव्या हाताची गाठ

वाकटी म्हणजे समुद्रातली लांब, पट्ट्यासारखी मासळी. ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगानं येते. पापलेट, कोळंबी बर्फात बसून विलायतेला जातात आणि हिला वाळूवर वाळवून, जुड्या बांधून इकडे नागपूरला धाडतात. आपल्या वाट्याला वाळकंच बाप्पा, समुद्र कोणाच्या बापानं पाहिला!

मंगळवारी बाजारात भीमाबाई हीच वाकटी विकायची. तिचा एकुलता एक मुलगा लहानू रत्नागिरीकडे ट्रॉलरवर खलाशी होता. किनाऱ्यावर आला की वाळवणाच्या जुड्याही बांधायचा. लहानू डावखुरा. त्याची गाठ उलटी बसायची, गिऱ्हाइकाला काही केल्या सुटायची नाही. पोतं उघडलं की भीमाबाई आधी ती गाठ शोधायची. सापडली की म्हणायची, "सुखात हाये माहा पोरगा."

लहानपणी ह्याच डाव्या हातावर तिनं उलथनं हाणलं होतं, उजव्यानं जेवावं म्हणून.

सत्त्याहत्तर साली दिवाळीनंतर वादळ झालं. ट्रॉलर गेला तो गेलाच. माती द्यायलासुद्धा लहानू हाती लागला नाही.

पुढच्या पोत्यांत सगळ्या गाठी सरळ. जुन्या मालातली त्याच्या हातची एक जुडी तेवढी उरली होती. ती भीमाबाईनं विकली नाही. घरी आणून चुलीवर टांगून ठेवली, येता-जाता त्या गाठीवर बोट फिरवायची.

पावसाळ्यात जुडीला कीड लागली. सून जया हळहळली. नवऱ्यानं धाडलेलं डोळ्यांदेखत वाया जातंय, हे तिच्यानं पाहवेना. गाठ सुटेना, तेव्हा तिनं विळीवर ती गाठच कापून काढली. वाकट्या झटकून भाजल्या, लसूण घालून चटणी वाटली आणि सासू बाजारातून येताच ताट वाढलं.

"कुठली वं हे?"

"त्यायच्या हातची जुडी, आत्याबाई. कीड खाऊन राहिली होती. काहून वाया जाऊ द्याची?"

भीमाबाईनं चुलीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पण सुनेला काय बोल लावणार? तिचंही कुंकू त्याच्याबरोबरच गेलं होतं. "चांगली झाली वं," म्हणत ती सगळं जेवली.

मग विळीजवळचे दोरीचे तुकडे उचलून ती डाव्या हातानं गाठ मारायला बसली. कितीदा मारली तरी सरळच बसे.

"जया, कशी धरत होता वं तो दोरी?"

जयानं दोन्ही हात पुढे केले, आणि तसेच मांडीवर ठेवले. तिलाही आठवेना.