निळा मॅगपाय

माझी बायको जया श्रीलंकेत, सिंहराजाच्या जंगलात, आणि मी पुण्यात, मांजरी भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, खुर्चीत. पक्षी बघायची ही सहल आम्ही दोघांनी मिळून ठरवली होती. ऐन वेळी माझ्या हृदयाने घोळ घातला आणि डॉक्टरांनी माझा विमानप्रवास कायमचा बंद केला. "तू जा," मी जयाला म्हणालो. मोठेपणा दाखवायला काय जातं!

आमचा एक नियम आहे. तीस वर्षं दर रविवारी पहाटे जवळच्या कवडी गावच्या नदीकाठी जाऊन तो पक्का झालाय. नवा पक्षी दोघांनी एकदमच बघायचा. एकाला आधी दिसला, तर दुसऱ्याची दुर्बीण लागेपर्यंत त्याने मान खाली घालायची. लोक हसतात. हसोत बापडे. ती निघाली तेव्हा 'या वेळी नियम सोड' एवढं मला म्हणता आलं असतं. पण मागे राहण्याचा राग होता, म्हणून म्हणालो नाही.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "नवीन काही नाही हो. तेच आपले खंड्या, बगळे."

मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? सहल नेणारा दत्तप्रसाद बिनकामाचा आहे, असंही मी ठरवून टाकलं होतं.

आज शेवटचा दिवस. दुपारी मी विचारलं, "निळा मॅगपाय?" ज्याच्यासाठी ही सहल ठरवली, तोच पक्षी.

"नाही पाहिला," ती म्हणाली.

तासाभराने दत्तप्रसादने ग्रुपवर फोटो टाकले. एका फांदीवर सहा मॅगपाय, निळेभोर, लालचुटुक चोचींचे. पुढच्या फोटोत सगळी मंडळी माना वर करून उभी, आणि जया आपल्या बुटांकडे बघतेय. मी आधीच्या दिवसांचे फोटो काढून पाहिले. सगळ्यांत ती खालीच बघत होती.

मी लगेच फोन लावला. "बस सुटली?"

"सुटतेय. सगळे बसलेत. का हो?"

"खाली काय बघत होतीस?"

"जळवा फार आहेत इथे."

"आठ दिवस?"

मला माझीच लाज वाटली, आणि ती आत्ता इथे शेजारी हवी होती, इतकी की छातीत दुखलं. हे दुखणं डॉक्टरांचं नव्हतं.

"अगं, बघायचं होतंस. मी कधी येणार आहे तिथे?"

"तुम्ही म्हणाला नाहीत तसं," ती हळूच म्हणाली.



"आवाज तरी ऐकलास?"

"ऐकला की. कान कुठे नेणार?"

"कसा आहे?"

भरल्या बसमध्ये, सगळ्यांदेखत, तिने तो काढून दाखवला. मध्येच तिला खोकला आला. मी तिला पुन्हा काढायला लावला.